जगनशेठचं बहात्तर पट छोटं विमान

आमच्या खोलीत काही लोचा झाला नाही असा दिवस मला तरी आठवत नाही. खाली लूम चालतात तिथं रुई कशी जमते? कुणी मुद्दाम टाकत नाही, पण सुट्टीच्या टायमाला बघावं तर प्रत्येक कोपऱ्यात उंदराएवढा गोळा! आमचे किस्से सेम तसेच. मी फक्त झाडू मारतो.

खोली म्हणजे भिवंडीत एका पॉवरलूमच्या गाळ्यावर टाकलेला लाकडी माळा. माणसं चार. बॉस म्हणजे नाना. नाना एअरपोर्टवर हँगरमध्ये फिटर होते, रिटायर झाले आणि विमानांची मॉडेलं करायला लागले. पण आपल्या पोरांसारखी पंख चिकटव, रंग मार, झालं, असली नाही. नानांचं म्हणणं, "बाहेरून विमान कोणीही करतं रे. पोटात काय आहे ते दाखव!" म्हणून एक बाजू पारदर्शक ठेवायची आणि आत सगळं. सीट, पट्टे, चहाची ट्रॉली, पायलटसमोरची घड्याळं. सगळं खऱ्याच्या बहात्तर पट छोटं.

दुसरे शकीलभाई, लूम रिपेअर करतात. सीटचे पट्टे तेच बनवतात, लूमच्या दोऱ्याचे. तिसरी मंगलताई. तिचं समोरच ब्यूटी पार्लर. माणसांच्या भुवया कोरून झाल्या की वर येऊन पॅसेंजरच्या भुवया काढते. ब्रशला केस एकच! आणि चौथा मी, पप्या. गणितानं मला दहावीत दोनदा आउट केलं. नानांनी पहिल्या दिवशी विचारलं, "बहात्तरनं भागता येतं का?"

मी बोललो, "कॅल्क्युलेटर द्या, कशानंपण भागतो."

झाली ॲडमिशन!

* * *

खाली लूम चालू असले की वरच्या फळ्या थरथरतात. चहाचा ग्लास ठेवला तर तो स्वतःहून फिरायला जातो. अशात मोहरीएवढ्या घड्याळाचा काटा कोण रंगवणार? म्हणून आमचं बारीक काम फक्त लोडशेडिंगमध्ये. आख्खी भिवंडी लाइट गेली की शिव्या घालायची आणि आम्ही चौघं टाळ्या वाजवायचो! खिडकीशी टेबल ओढायचं, श्वास रोखायचा, कामाला लागायचं.

एकदा नानांनी तीन दिवसांच्या लोडशेडिंगमध्ये एक पायलट बनवला. टोपी, बिल्ला, शर्टाची बटणं, सगळं. शेवटचं बटण झालं आणि टायमाच्या आधीच लाइट आली. खाली खडाखड सुरू! पायलट बसलेला होता, तरी बसल्या बसल्या टेबलावरून सरकत निघाला. नाना ओरडले, "धरा त्याला!" मी झडप घातली, तर पाण्याचा लोटा सांडला. पायलट गेला फळ्यांच्या फटीतून खाली.

दोन मिनिटांत खालचा एक लूम बंद पडला. मग जिन्यावर चपला वाजल्या. लूमवरचा कारागीर वर आला, अंगभर रुई, तळहातावर आमचा पायलट. एकदम अदबीनं बोलला,

"नाना, आपका डिराइवर नीचे उतर गया था."

* * *

भिवंडीत कापड घ्यायला लोक टेम्पो घेऊन येतात. नाना गेले पिशवीपण न घेता. सीटला लावायला मखमल हवी होती. दुकानदारानं गादीवर बसवलं, थंडा मागवला, आठ-दहा रंगाचे तागे उलगडले. नानांनी प्रत्येक रंग दोन बोटांत धरून चोळला, उन्हात नेऊन बघितला. अर्धा तास गेला. शेवटी निळा पसंत पडला.

"कितना मीटर निकालूं?"

नाना म्हणाले, "दोन इंच."

दुकानदारानं तागे परत गुंडाळले. मग पोऱ्याला बोलला, "थंडा वापस ले जा."

* * *

खिडक्यांना काच म्हणून आम्ही जुने एक्स-रे वापरायचो. ब्लीच टाकलेल्या पाण्यात फिल्म घासली की काळं निघून जातं, खाली एकदम क्लिअर. हे काम माझं. एकदा मी मॅच बघता बघता घासलं. मॉडेल तयार झालं, नानांनी आतला छोटा बल्ब लावला, आणि सातव्या खिडकीत हाड!

शकीलभाई भिंग लावून म्हणाले, "ये तो मेरे चाचा की पसली है."

नाना भडकले. "काढ ती! विमानात बरगडी कशी दिसते?"

"रहने दो नाना," शकीलभाई हळवे झाले, "बेचारे की बड़ी तमन्ना थी खिड़की में बैठने की."

बरगडी अजून तिथंच आहे. चाचापण आहेत, ठणठणीत. त्यांना सांगितलेलं नाही.

* * *

आता हा माझा. नानांचे एक जुने साहेब होते, हँगरचे. कडक माणूस. त्यांनी आयुष्यात नानांचं एक काम एका फटक्यात पास केलं नव्हतं. नानांनी छोटं दोन सीटचं विमान करून त्यांना दाखवायला न्यायचं ठरवलं. महिनाभर जीव ओतला. आदल्या दिवशी मला राहवलं नाही. शेपटीच्या मागं मी पिवळ्या रंगानं बारीक अक्षरात लिहिलं, "हॉर्न ओके प्लीज". पडघ्याच्या हायवेवरचे सगळे ट्रक बघत मोठा झालोय, अक्षर सेम आलं!

नानांनी गडबडीत बघितलंच नाही. साहेबांकडं गेले. साहेबांनी भिंग काढलं, वीस मिनिटं विमान पुढून, मागून, पोटातून तपासलं. मग कागद मागितला, काहीतरी लिहिलं, पाकिटात घालून दिलं.

नानांनी पाकीट खोलीवर येईपर्यंत उघडलं नाही. हात थरथरत होते, आणि तेव्हा लूम बंद होते! कागदावर एवढंच होतं,

"आतलं काम पास. बाहेर 'रात्री डिपर वापरा' राहून गेलं आहे."

नानांनी मला फूटपट्टीनं मारलं आणि कागद फ्रेम केला. एकाच दिवशी.

* * *

मग आले जगनशेठ. आमच्या गाळ्याचे मालक. कशेळीला शेती होती, तिथं आता गोडाऊन झालीत. त्या वर्षी शेठनी आख्ख्या खानदानाला विमानानं दिल्लीला नेऊन पुढं देवाला नेलं होतं. बावीस माणसं, सगळी पहिल्यांदा उडाली. कशेळीला नवीन बंगला बांधून झाला होता आणि हॉलमध्ये काचेच्या पेटीत काय ठेवायचं हा प्रश्न होता.

शेठ बोलले, "नाना, आमी गेलो त्योच इमान पायजे. आन आत आमी सगले बसलेले पायजेत. बावीसच्या बावीस."

नाना म्हणाले, "होईल."

"आन आजून एक. या खोलीत मना बॉबिनची मशीन टाकाची हाय. वास्तुशांतीला इमान पसंत पडला, तर खोली तुमची, जा. न्हाय पडला, तर दुसऱ्या दिशी खाली करा."

शेठ असं बोलून जिना उतरले. आमचं तिघांचं ठीक आहे हो. पण नानांच्या घरी दोन खोल्या, सात माणसं. त्यांचं पहिलं विमान त्यांनी फ्रीजवर ठेवलेलं, त्याच्यावर सूनबाईंनी गरम कुकर ठेवला. नानांची ही खोली गेली म्हणजे हातातला चिमटाच गेला.

मंगलताई म्हणाली, "बावीस माणसं ना? चौरेचाळीस भुवया. लागते मी कामाला."

* * *

विमान होत आलं आणि शेठच्या घरच्यांना कळलं की सीटवर कोण कुठं बसलंय ते दिसणार. मग काय, रोज एक नातेवाईक जिन्यावर!

शेठची मामी आली. भिंगातून स्वतःला बघून बोलली, "माजा हार कुटं हाय?"

मंगलताईनं दाखवला. पिवळी रेघ, केसाएवढी.

"यो हार? माजा पाच तोल्याचा हाय! जारा कर!"

नाना समजवायला लागले, बाई, खऱ्याच्या बहात्तर पट बारीक असतो. मामी म्हणाली, "मी बहात्तर तोल्याचा मागत न्हाय. पाचच बोलते."

मंगलताईनं नानांना गप्प केलं आणि हार जाड केला. मामी खूश. बाकी विमानात बसलेत बावीस, पण एकीच्या गळ्यात स्कूटरचा टायर!

मग शेठचा मेहुणा बाळाराम. "माजी सीट पंखावर हाय. मना खाली काय दिसनार?" आम्ही हलवला. तर तिकडून शेठचा चुलतभाऊ आला, "बालारामला पुरं कनाला घेतला?" पुढं बसवल्यावरून राग! आम्ही परत हलवला. नानांचं बीपी वाढलं.

तेव्हा मला आयडिया आली. एसटी स्टँडवर आपण काय करतो? गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकतो. रुमाल पडला की सीट आपली, मग साक्षात डेपो मॅनेजर आला तरी उठत नाही. मी अर्ध्या सेंटिमीटरचे चार रुमाल कापले, एक चेक्सचा, तीन पांढरे, आणि ज्यांच्यावरून भांडण होतं त्या खिडकीकडच्या चार रिकाम्या सीटवर टाकून ठेवले, म्हणजे कुणी मागायलाच नको.

दुसऱ्या दिवशी बाळाराम आणि चुलतभाऊ एकत्रच आले. आत डोकावले आणि बाळाराम तापला.

"माज्या सीटवर रुमाल कुनी टाकला?"

"मना काय ठावं!"

"चेक्सचा रुमाल तूच वापरतंस!"

अर्धा तास भांडण! शकीलभाई मध्ये पडले, त्यांचा शर्ट फाटता फाटता वाचला. एवढ्या वेळात दोघांपैकी एकानंही विचारलं नाही, की हातभर लांब विमानात रुमाल टाकायला कोण उतरलं? शेवटी बाळारामनं खिशातून स्वतःचा खराखुरा रुमाल काढला, झटकला आणि विमानावर आख्खा पसरला.

"झाला. आता सगली गारी माजी!"

* * *

वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात निरोप आला, नवीन गाडीसारखीच विमानाची पूजा होणार. चाकाखाली लिंबं हवीत.

विमानाचं चाक केवढं? शर्टाच्या बटणाएवढं. आपलं लिंबू ठेवलं तर विमान लिंबावर चढून बसेल. मी डोकं चालवलं. घरून खसखस आणली, एक एक दाणा सुईवर धरून पिवळा रंगवला. एकदम झकास लिंबं! नानांना दाखवली. नानांनी भिंगातून बघितलं, पट्टीनं मोजलं, कागदावर गुणाकार केला आणि मान हलवली.

"मोठं आहे."

"नाना, खसखस आहे ती!"

"खसखस बहात्तर पट केली तर मोसंबं होतं. चाकाखाली मोसंबं कोण ठेवतं?"

दोन दिवस आम्ही पडघ्यापासून भिवंडीपर्यंतच्या किराणा दुकानांत खसखशीपेक्षा बारीक काय मिळतं ते विचारत फिरलो. एका दुकानदारानं रवा दाखवला. नानांनी त्याच्यातून चार गोल दाणे निवडले. चार दाण्यांसाठी पावशेर रवा घेतला, उरलेल्याचा मंगलताईनं शिरा केला.

* * *

आणि आता वास्तुशांती.

त्याच्या आधी एक सांगायला पाहिजे. शेठची बाहुली दोनदा बनली होती. पहिल्या शेठचं पोट शेठना आवडलं नाही. "मी एवरा हाय काय?" मंगलताईनं दुसरा शेठ बारीक केला, सिल्कचा शर्ट, सोन्याची चेन, मिशा, आणि वनिताकाकूच्या शेजारी बसवला. वनिताकाकू म्हणजे शेठची बायको. दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. ही शेठचीच ऑर्डर.

पहिला शेठ पडून राहिला. सेम शर्ट, सेम चेन, सेम मिशा. मला तो फुकट जाऊ द्यायचा नव्हता. नानांनी विमानाच्या मागच्या बाजूला टॉयलेट केलं होतं. एकदम परफेक्ट! चांदीच्या वर्खाचा आरसा, केसाएवढ्या बिजागरीवर उघडणारा दरवाजा. मी पहिल्या शेठला आत नेऊन बसवला. पँट थोडी खाली रंगवली. दरवाजा लावला. दोन दिवस एकटाच हसलो. म्हटलं, न्यायच्या आधी काढू.

आणि नानांनी मी यायच्या आधीच विमान पेटीत घालून स्क्रू आवळले!

कशेळीला हॉल माणसांनी भरलेला. बाहेर बिर्याणी-बिर्याणी नाही, शाकाहारी, पूजा होती ना. भटजींनी पेटीची पुढची काच काढून पूजा केली. स्वस्तिक काढताना कुंकवाचं बोट नेमकं पायलटच्या काचेवर. नानांनी डोळे मिटून घेतले. रव्याची लिंबं ठेवली, ती कुणालाच दिसली नाहीत, पण सगळ्यांनी नमस्कार केला. मला घाम फुटलेला. मी शकीलभाईंच्या कानात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पप्या, मैं तेरे को जानता नहीं," आणि दोन माणसं सोडून उभे राहिले.

शेठ पाहुण्यांना भिंग देऊन एक एक माणूस दाखवत होते. "यो मी. ही वनिता. ती लय घाबरलेली. दोन तास तिचा हात सोरला न्हाय मी. बोललो, बग खाली, ढग बग, मी हाय ना!" लोक वा वा करत होते. शेठ नानांकडं वळून बोलले, "नाना, पसंत हाय." त्यांनी खिशात हात घातला. आमच्या खोलीची चावी!

नानांनी हात पुढं केला आणि तेवढ्यात बाळाराम बोलला, "सगला हाय, पन संडास न्हाय दाकवला."

नानांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "संडास? आहे ना! दरवाजापण उघडतो!" मी "नाना, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी विमानाची पारदर्शक बाजू उचलली, खिशातला चिमटा काढला आणि दरवाजा उघडला.

आत पहिला शेठ, तसाच बसलेला.

बाळारामनं भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. मग सीटकडं बघितलं. मग परत टॉयलेटकडं.

"दाजी, तुमी दोन तिकिटा कारलेल्या काय?"

आधी एक जण हसला, मग सगळे. शेठनी भिंग ओढून घेतलं, बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले.

"यो कुनी केला?"

मंगलताईनं माझ्याकडं बघितलं. नानांनी कुणाकडंच बघितलं नाही. मी पुढं झालो. "मी केला, शेठ. नानांना माहीत नव्हतं. आईशप्पथ. मला काय करायचं ते करा, खोली नका घेऊ."

शेठनी चावी परत खिशात टाकली. "उद्या सकालपर्यंत खोली खाली! एक चिमटा दिसता कामा नये!"

नाना वाकून टॉयलेटचा दरवाजा हळूच लावायला गेले. तेवढ्यात आतून वनिताकाकू आली, पदराला हात पुसत. "काय झाला? कनाला हसताव?"

तिनं शेठच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि विमानावर वाकली. आधी स्वतःला बघितलं. शेजारच्या शेठना बघितलं. मग टॉयलेटमधल्या शेठना बघितलं, चांगलं दोन मिनिटं. शेठ हळूच बोलले, "वनिता, र्‍हाव दे." ती सरळ उभी राहिली, शेठच्या खिशात हात घालून चावी काढली आणि नानांच्या हातावर ठेवली.

"गाळा माज्या नावावर हाय. खोली तुमचीच. फकस्त एक काम करा नाना, माज्या बाजूला जो बसवलाय ना, त्यो कारा. दोन तास ती सीट रिकामीच व्हती. त्यो खोटा हाय."